गुडघाभर पाण्यातलं इतिवृत्त

सभेची वेळ सकाळी दहा.
स्थळ: शाळेमागची चिंच.
विषय: राखीव सागरी क्षेत्र, पुढची वीस वर्षं.
हजर: राजधानीहून आलेले रिवोसाहेब,
त्यांचा गुंडाळलेला नकाशा, दोन शेळ्या,
आणि मी. अक्षर बरं म्हणून बसवलेली.

साडेदहा झाले.
साहेब म्हणाले, लोकांना भविष्यात रस नाही का?
म्हटलं, साहेब, आज उधाणाची ओहोटी.
पंधरवड्यात चार-पाच दिवसच समुद्र एवढा मागे सरतो.
आम्ही व्हेझो, आमचं पंचांग पाण्यात.
सगळं गाव खडपावर गेलंय.
भविष्य बारानंतर परत येईल.

साहेबांनी बूट काढले.
हे मुद्दाम लिहिते, कारण अहवालात येणार नाही:
पठारावरचा माणूस, मऊ गोरे तळवे,
काटेरी गोळ्यांमधून वाट काढत
बगळ्यासारखा एकेक पाय उचलत आला.
तोंबोसोआने मान वर केली नाही.
तिचा भाला एका बिळात होता.
"त्याला सांग, सावली दुसरीकडे पाड."

मग सभा तिथेच भरली.
दोघींनी नकाशा चारी कोपऱ्यांनी धरला,
वाऱ्याने त्याचं शीड व्हायला बघितलं.
साहेबांनी बोट ठेवलं: जवळचा खडक लाल.
लाल म्हणजे पाऊल नाही. लांबचा खडक मोकळा,
होड्या तिथवर जातातच.
"मंजूर," मारुलाही म्हणाला, फारच लवकर.
त्याच्या होडीला यंदा इंजिन बसलंय.

"या लालमध्ये काय आहे?" तोंबोसोआने विचारलं.
"ऑक्टोपसची अंडी," साहेब म्हणाले. "वाढू द्यायचे."
"अंडी आहेत. आणि आम्ही आहोत.
पायी जाता येतं तेवढाच समुद्र आमचा,
होडी नसलेल्यांचा.
नेमका तेवढाच रंगवलास."

कुणी काही बोललं नाही.
पाणी घोट्यावर आलं होतं.

साहेबांना वाटलं, विरोध. मलाही वाटलं.
मी तसं लिहिलंही, मग खोडलं,
कारण ती म्हणाली, "बंद कर. मीच सांगते, बंद कर.
माझी आई नि मावशी मिळून एक ओढायच्या.
आता बघ," आणि बिळातून निघालेला
मूठभर जीव तिने वर धरला,
तिच्या मनगटाला विळखा घालून बसलेला.
"तीन महिने मी इथे येत नाही.
तेच तीन महिने ह्याने तिकडे जाळं टाकायचं नाही."

मारुलाही भडकला. हप्ता कोण भरणार, तू?
त्याचं खोटं नव्हतं. इंजिनाला ओहोटी नसते,
सावकाराला तर नाहीच.
नऊ माणसं एकदम बोलली, त्यातलं मला चार जणांचं ऐकू आलं;
उरलेल्या पाच जणांची क्षमा मागून
इथे एक ओळ कोरी सोडते.


पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा
साहेबांनी दिवसभरातला पहिला प्रश्न विचारला,
ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं:
"ह्या खडकाला तुम्ही काय म्हणता?"
नकाशावर तो आर-चार होता.
बायकांनी दोन नावं सांगितली
आणि खरं कुठलं यावर आणखी एक भांडण जुंपलं.
साहेबांनी दोन्ही लिहिली, वाकड्या अक्षरात,
कंबरेवर नकाशा सांभाळत.

ठराव: झाला नाही.
सभा समुद्राने तहकूब केली.
गैरहजर: ऑक्टोपस. (बिळात होते. मत नोंदवलं नाही.)
पुढची सभा पुढच्या उधाणाला, पाणी तळाला गेल्यावर.
तारीख कागदावर पाहून नाही,
मारुलाहीला विचारून ठरली. तो अजून रागात आहे,
पण तारीख त्याने बरोबर दिली.

शेवटची नोंद.
तोंबोसोआने तो मूठभर जीव सोडून दिला का?
साहेबांना तसंच वाटत होतं,
ते वाट बघत थांबलेही.
नाही. तिने तो कमरेच्या तारेत ओवला.
घरात पाच तोंडं आहेत, आणि तीन महिने
अजून सुरू झालेले नाहीत.

लेखनिक: झाफिनोरो.
पान वाळल्यावर त्यावर मीठ धरलंय. पुसलेलं नाही.